काम सांगून घेतलेलं मशीन

बाई कुठल्याही दुकानात शिरल्या की मी दोन पावलं मागं राहायचे. आपण यांच्याबरोबर नाही, सहज आलोय, असा चेहरा करून समोरच्या बरण्या बघत उभी राहायचे. पुढं काय होणार ते मला ठाऊक असायचं. बाई पदर खांद्यावर नीट ओढून घेत, गल्ल्यावरच्या माणसाकडं सरळ बघत आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "मला बादली हवी आहे. दिवसातून वीसदा विहिरीतून वर येणार आहे. कडीला दोर बांधणार आहे. येताना मध्येच दगडावर आपटणार आहे. एवढं सोसेल अशी द्या."

दुकानदार हसत. काही जण वैतागत. बाईंना दोन्हीचं काही नसे. समोरचा "चालेल" म्हणेपर्यंत त्या वस्तूला हात लावत नसत. आणि त्यानं "चालेल" म्हटलं, की मग वस्तू उलटीपालटीही न करता पिशवीत टाकत. बाकीच्या बायका बादली वाजवून बघत, उन्हाकडं धरून भोक शोधत. बाई म्हणत, "ते त्याचं काम. मी माझं सांगितलं, त्यानं त्याचं सांगितलं. संपलं."

भाजी घेतानासुद्धा हेच. एकदा पुलाजवळ बसणाऱ्या बाईकडं त्यांनी कलिंगड मागितलं. "उद्या दुपारी कापणार. पाच माणसं आहेत. त्यातला एक चिडका आहे."

"आवं बाई, कलिंगडाला काय ठावं मानूस चिडका हाय का नाय ते?"

"त्याला नाही गं, तुला सांगतेय."

त्या बाईनं हातातलं कलिंगड गुपचूप खाली ठेवलं आणि मागच्या ढिगातलं दुसरं काढून दिलं. मी दोन पावलं मागं उभी राहून हे बघत होते.

मी मोहोपाड्याला कारखान्याच्या कॉलनीत वाढले. शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी घरात बोलायचे, पण चारचौघांत तोंड उघडायची वेळ आली की कुठल्याच भाषेतला शब्द बाहेर यायचा नाही. कर्जतला एका वकिलांकडं इंग्रजी नोटिसा टाइप करायची नोकरी लागली, तेव्हा रोजचं येणं-जाणं नको म्हणून कर्जतला लागूनच असलेल्या दहिवलीत खोली बघायला गेले. ती खोली बाईंची. भाड्याचं बोलायच्या आधी त्यांनी मला भिंतीपाशी नेलं. "इथं पावसाळ्यात गळतं. बादली मी देईन. ही खिडकी पूर्ण लागत नाही. शेजारचा कोंबडा पहाटे चारला ओरडतो, त्याचं मी काही करू शकत नाही. तुला खोली कशाला हवी आहे?"

मी म्हणाले, "राहायला."

"राहून काय करणार?"

"नोकरी. आणि... वाचत बसेन."

त्या खिडकीपाशी जाऊन उजेड बघून आल्या. "वाचायला चालेल," म्हणाल्या आणि किल्ली दिली. आपल्याला नक्की काय हवंय असं मला त्याआधी कुणी विचारलेलं आठवत नाही. शाळेत कुठला विषय घ्यायचा तेही वडिलांनीच ठरवलं होतं.

दहिवलीत त्यांना सगळे 'स्टोअरबाई' म्हणत. माथेरानच्या एका हॉटेलात त्यांनी आयुष्यभर स्टोअर सांभाळलं होतं. चादरी, बशा, रॉकेल, साबण, सगळं त्यांच्या वहीतून जायचं. माथेरानला मोटार चढत नाही. सामान जाणार ते नेरळहून घोड्यावर, नाहीतर हमालाच्या डोक्यावर. पावसाळ्यात तर डोंगरावरची छोटी आगगाडीही बंद. वर गेलेली वस्तू खराब निघाली, तर ती परत खाली आणायलाही तोच घोडा आणि तोच माणूस. एका हंगामाच्या तोंडावर दोन डझन किटल्या वर आल्या. दिसायला देखण्या. पहिल्याच सकाळी एकीचा कान निसटला आणि उकळता चहा वाढणाऱ्याच्या हातावर सांडला. तो माणूस महिनाभर डाव्या हातानं जेवत होता. बाई स्वतः डोंगर उतरून नेरळला गेल्या. दुकानदार म्हणाला, "त्या शोभेच्या होत्या बाई. चहासाठी पाहिजेत म्हणून तुम्ही कुठं सांगितलं होतं?"

"किटली!" हे सांगताना इतक्या वर्षांनंतरही बाईंचा आवाज चढायचा. "किटलीत दुसरं काय ओतणार? पण मी गप्प बसले गं. कारण खरंच सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी सांगते. मीठ घेतलं तरी सांगते."

छत्रीची गोष्ट माझ्यासमोरच घडली. बाजारातून घेतलेली छत्री तिसऱ्या दिवशी गळली. दुकानदाराचं म्हणणं पडलं, की छत्रीत दोष नाही, बाई ती तिरकी धरतात. बाईंनी वाद घातला नाही. दुकानाच्या पायरीवर छत्री सरळ उघडून तिच्याखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमचा पाण्याचा तांब्या आणा आणि तुम्हीच ओता." रस्त्यावर माणसं जमली. त्याला ओतावं लागलं. पाणी बाईंच्या नाकावरून हनुवटीवर आलं, तरी त्या हलल्या नाहीत. "अजून एक तांब्या घ्या," म्हणाल्या. दुसऱ्या तांब्याची गरज पडली नाही, नवी छत्री मिळाली. मी तेव्हा समोरच्या औषधांच्या दुकानात शिरून, नको असलेला बाम विकत घेत होते.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. का, ते त्यांनी एकदा तांदूळ निवडता निवडता सांगितलं. "बघायला आला होता एक जण. चहा-पोहे झाले. मी विचारलं, तुम्हाला बायको कशाला हवी? तर म्हणाला, सगळ्यांनाच असते म्हणून." ताटातला एक खडा काढून त्यांनी अंगणात भिरकावला. "असं घेतलेलं टिकत नाही."

आता ग्राहकांसाठी वेगळा कायदा झाला आहे, वेगळी न्यायालयं निघणार आहेत, असं पेपरात आलं. दहिवली सोडून मला बरीच वर्षं झाली होती, म्हणून ते कात्रण मी पत्रातून बाईंना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "पत्राचं कारण समजलं. चांगलं झालं. पण दुकानात तोंड उघडावं लागेल ते लागेलच." ते वाचून मला शिलाई मशीनची गोष्ट आठवली आणि आज हे लिहायला बसले. त्या वेळी वेगळा कायदा नव्हता. होता तो इंग्रजांच्या वेळचा मालविक्रीचा, वकीलसाहेबांच्या कपाटात, काळ्या पुठ्ठ्याचा.

कमलताई आमच्यामागं बौद्धवाडीत राहायची. नवरा वीटभट्टीवर, दोन मुलं. ती ब्लाउज-परकर हातानं शिवायची आणि तिचा टाका असा बारीक असायचा, की लोक मशीनचा समजत. मोहोपाड्याच्या एका कारखान्याला कामगारांसाठी जाड कॅनव्हासचे एप्रन पुरवणारा ठेकेदार होता. त्यानं तिला साठ एप्रन शिवायला दिले. महिनाअखेरीला सगळे मिळाले तर पुढचं काम कायम तिचंच. नाही मिळाले तर तिनं पुन्हा भट्टीवर विटा वाहायला जायचं, हे घरात ठरलेलंच होतं. दोन वर्षं साठवलेल्या पैशांतून ती मशीन घ्यायला निघाली. बाई बरोबर जाणार होत्या. नेमका आदल्या दिवशी विहिरीच्या काठावर बाईंचा पाय मुरगळला.

"तू जा हिच्याबरोबर," त्या मला म्हणाल्या. "मोठ्यानं सांग. जाड कापड, दुहेरी घडी, रोज दिवसभर. तो चालेल म्हणेपर्यंत हात लावू देऊ नकोस."

दुकान कर्जतच्या बाजारपेठेत. शेठ रंगानं गोरे, गुळगुळीत, बोलण्यात गोड. दुकानात आठदहा माणसं. मी तोंड उघडलं आणि नेहमीसारखं काहीच बाहेर आलं नाही. कमलताई माझ्याकडं बघत होती. मग मला जे जमतं ते मी केलं. पर्समधला ऑफिसचा कागद काढला, त्यावर इंग्रजीत लिहिलं की कॅनव्हासचे जाड एप्रन दुहेरी घडीवर शिवायला मशीन हवं आहे, आणि कागद गल्ल्यावरून पुढं सरकवला.

शेठ खूश झाले. सगळ्यांना ऐकवत एकेक शब्द वाचला. "हेवी... कॅनव्हास... एप्रन! वा, वा! काय अक्षर आहे!" मग नवं आलेलं, हिरव्या रंगाचं, चकचकीत मशीन पुढं केलं. "हे घेऊन जा. काहीही शिवेल." मलमलीच्या तुकड्यावर चालवून दाखवलं. सरसर गेलं. आम्ही घेऊन आलो.

कॅनव्हासच्या पहिल्याच दुमडीवर सुई मोडली. दुसरी मोडली. तिसऱ्या सुईला खालचं दोऱ्याचं शटल अडकलं आणि मशीन थांबलं ते थांबलंच. कमलताई ते डोक्यावर घेऊन एकटी दुकानात गेली आणि तसंच डोक्यावर घेऊन परत आली. शेठनं बिलाखालची ओळ बोटानं दाखवली होती, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' आणि विचारलं होतं, "गॅरंटी कुठं लिहून दिली मी? जाड कापडाचं कोण बोललं होतं?"

"म्या काय बोलनार ताई," ती मला म्हणाली. "समदी हसत हुती." महिनाअखेरीला पंधरा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी धीर करून वकीलसाहेबांना विचारलं. त्यांनी फायलीतून मान वर न करताच सांगितलं, "लिहून द्यावं लागत नाही. घेणाऱ्यानं काम सांगितलं, आणि दुकानदाराला त्यातलं कळतं म्हणून त्याच्या भरवशावर घेतलं, तर माल त्या कामाला चाललाच पाहिजे. बिलावर ती अट नसली तरी कायदा ती धरून चालतो." मग मान वर केली. "एक सांग. कंपनीचं नाव घेऊन मागितलं, की काम सांगून?"

"काम सांगून. मशीन त्यांनीच निवडलं."

"आणि बिलावरची ती ओळ? छापून सगळं सुटत नाही. पण काम सांगितलं होतं, हे दाखवता येईल का?"

संध्याकाळी मी बाईंसमोर उभी राहिले. पाय उशीवर ठेवून त्या पडल्या होत्या. मी म्हणाले, "बाई, मी मोठ्यानं सांगितलं नाही."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतील.

"मी लिहून दिलं," मी म्हणाले.

डोळे उघडले. "कशावर?"

"कागदावर."

"तो कागद कुठंय?"

तो कागद माझ्या डोळ्यांसमोर आला. कमलताईचं बिल फाडल्यावर शेठनं खालची प्रत आणि माझी चिठ्ठी एकत्र करून भिंतीवरच्या लोंबत्या तारेत टोचली होती. त्यांची सवयच ती. पावती असो, पत्र असो, कुणाच्या लग्नाचं आमंत्रण असो, आलेला प्रत्येक कागद तारेत जायचा.

"त्यांनी तारेत ओवला."

बाई उठून उभ्या राहिल्या. पाय मुरगळलाय हे उंबऱ्यापर्यंत त्यांच्या लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून मी आले. कमलताईच्या डोक्यावर हिरवं मशीन, काखेत कॅनव्हासची गुंडाळी. बाई काठी टेकत. पुलावर त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, "मी नव्हते तिथं. मी जे पाहिलं नाही ते मी बोलत नाही. आज तू बोलायचं."

"बाई, मला नाही जमणार."

"मी जमेल का विचारलंय का तुला?"

दुकानात पुन्हा गर्दी. शेठनं आम्हाला बघितलं आणि ओरडून म्हणाले, "आलात परत? सांगितलं ना परवा!"

कमलताईनं मशीन गल्ल्यावर ठेवलं. बाई स्टुलावर बसल्या आणि चक्क भिंतीकडं बघू लागल्या. मी म्हणाले, "आम्ही काम सांगितलं होतं."

"काय? ऐकू नाही आलं."

कुणीतरी हसलं. मी पुन्हा म्हणाले, आणि या वेळी आवाज असा निघाला की मीच दचकले. "आम्ही काम सांगून मशीन घेतलं! चिठ्ठी दिली होती. ती त्या तारेत आहे!"

शेठ हसले. "त्या तारेत हजार कागद आहेत ताई. ती सेल्सटॅक्सवाल्यांसाठी आहे."

"कमलताईच्या बिलाच्या प्रतीला लागून आहे. बिलावर नंबर आहे. काढा."

"मला इंग्रजी येत नाही. काय लिहिलंत मला काय कळणार?"

आता कमलताई पुढं झाली. गल्ल्यावर दोन्ही हात ठेवले. "आवं शेठ, तुमीच तर वाचून दाखवलंत समद्यास्नी! एप्रन म्हनलात, काय अक्षर म्हनलात! तवा येत हुतं इंग्रजी आन आता नाय येत व्हय?"

या वेळी लोक हसले ते शेठला. मागं उभा असलेला एक पोस्टमन म्हणाला, "शेठ, उतरवा की तार. नसेल तर नसेल."

तार उतरली. शेठ एकेक कागद सरकवत गेले, मुद्दाम हळूहळू. बिलाची प्रत आली. तिच्या पाठीला माझा ऑफिसचा कागद चिकटलेला, मधोमध भोक पडलेलं. पोस्टमननं तो घेतला, मोठ्यानं वाचला आणि मराठीत सांगितला. शेठ म्हणाले, "पण मशीन चालवून दाखवलं होतं ना मी!"

"मलमलीवर," मी म्हणाले. "मलमलीचा एप्रन कारखान्यात कोण घालतं?"

हे मी बोलले. बाईंनी भिंतीवरची नजर काढली आणि एकदा माझ्याकडं बघितलं. मी आयुष्यात मिळवलेल्या सगळ्या मार्कांपेक्षा ते बघणं मला मोठं वाटलं, आजही वाटतं.

दुकानाच्या मागच्या बाजूला एक काळं मशीन पडून होतं. त्याच किमतीचं, जुन्या घडणीचं, पण इतकं जड की कुणी नेत नसे. शेठनं ते दोघांकडून उचलून पुढं आणलं. "घ्या. हे चालेल."

"कशाला चालेल?" बाई पहिल्यांदा बोलल्या.

शेठनं एक श्वास घेतला. सगळं दुकान ऐकत होतं. "जाड कॅनव्हासला. दुहेरी घडीला. रोज, दिवसभर."

"बघू," कमलताई म्हणाली. तिथंच, दुकानाच्या पायरीवर, ती मशीन पुढं घेऊन बसली. कॅनव्हासच्या दोन नाही, चार घड्या केल्या. सुईखाली सरकवल्या आणि चाक फिरवलं. मशीन धडधडलं, सुई एकदा अडखळली, मग कापडात उतरली आणि टाका पडत गेला, सरळ, काठापासून काठापर्यंत. तिनं दोरा तोडला, शिवण दोन्ही हातांत धरली आणि अंगातला सगळा जोर लावून ओढली. शिवण हलली नाही. पोस्टमननं ओढून बघितली. शेठनंही बघितली.

"शिवलं ना? आता न्या," ते म्हणाले. "मला दुकान बंद करायचंय. जेवायची वेळ झाली."

पण कमलताईनं पुढचं कापड ओढलं होतं. बाई स्टुलावरून उतरून तिच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि सुटे दोरे कापू लागल्या. मी कापडाचं दुसरं टोक धरलं, रस्त्यावर, सगळ्यांसमोर. छातीची पट्टी झाली, मानेचा बंद झाला, कमरेचे बंद झाले. शेठ हातात कुलूप घेऊन उभे.

"अहो बाई, पुरे आता!"

कमलताईनं वर बघितलंसुद्धा नाही. "थांबा जरा शेठ. खिसा लावायचा ऱ्हायलाय."